पांढरा साका

पाण्याची बाटली समुद्रातून वर आली की पहिला मान ऑक्सिजनचा. क्षारतेवाले थांबतील, नायट्रेटवाले थांबतील, क्लोरोफिलवाले तर चहा पिऊन आले तरी चालेल. ऑक्सिजनवालीने मात्र तोटीपाशी आधीच उभं राहायचं. हवा लागली की नमुना बाद. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत सोडायची, पाणी सावकाश चढू द्यायचं, दोन-तीन बाटल्यांइतकं वाहून जाऊ द्यायचं. एक बुडबुडा दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून. मग एक मिली मँगेनीजचं द्रावण, एक मिली आयोडाइडचं, बूच घट्ट, आणि बाटली उलटीसुलटी करायची. तीस वर्षं मी हे केलं. कागदोपत्री माझं पद काहीही असो, जहाजावर सगळे मला विंकलरबाई म्हणत.

लाजोस विंकलर हा बुडापेस्टचा रसायनतज्ज्ञ. त्याने ही रीत १८८८ साली छापली आणि अजून तिला कोणी पूर्णपणे निवृत्त करू शकलेलं नाही. पाण्यात ऑक्सिजन असला तर बाटलीत तपकिरी साका बसतो, काकवीच्या रंगाचा. कमी असेल तर फिका. अजिबात नसेल तर पांढरा. मग आम्ल घालायचं, साका विरघळतो, जेवढा ऑक्सिजन होता त्याच्या हिशेबात आयोडीन सुटतं. त्यात ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. शेवटी स्टार्चची निळाई घालायची. ज्या थेंबाला ती निळाई जाते तो थेंब वहीत लिहायचा. आमच्या मापाने पृष्ठभागावरच्या पाण्याला जवळपास चार मिली थायोसल्फेट लागे.

१९९० च्या दशकातली एक फेरी. जहाजाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. आम्ही मुंबईच्या पश्चिमेला, खूप आत, १९ अंश उत्तरेच्या आसपास उभे होतो. रात्रीचे अडीच. अडीचशे मीटरवरचं पाणी आलं. बाटली हलवून ठेवली आणि पाहते तर आत दुधासारखं काहीतरी खाली बसतंय, पिवळसर छटा असेल-नसेल. ब्युरेटला लागलं ०.०२ मिली. आणि रसायनांमध्येच जो थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो, त्याची वजावटही ०.०२. बाकी शून्य. त्याच्या खालच्या बाटलीची बाकी आली उणे.

सकाळी साहेबांनी वही पाहिली. "समुद्रात उणे ऑक्सिजन असतो का हो बाई? आणि शून्य म्हणजे तुमचा हात चुकला. ०.१ लिहा." मी म्हटलं, "सर, तीनदा केलंय." त्यांनी स्वतःच्या पेनाने शेवटच्या रकान्यातले सात आकडे खोडून ०.१० केले. लिटरला ०.१ मिली. जहाज डोलत होतं, मी अवोमिनवर होते, पोटात कुरमुऱ्यांखेरीज काही नव्हतं. भांडण्याइतकं बळ नव्हतं, पण राग आला तो आला.

एकट्या साहेबांना दोष देऊन भागणार नाही. अरबी समुद्राच्या शून्याशी हा व्यवहार आधीपासूनच चालत आलेला होता.

सर जॉन मरे हे 'चॅलेंजर' मोहिमेतले नामांकित गृहस्थ. ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या धंद्यातून त्यांनी पैसा केला आणि त्यातला काही समुद्रविज्ञानासाठी मागे ठेवला. त्या पैशावर १९३३-३४ साली 'मबाहिस' नावाचं इजिप्तचं छोटं जहाज अरबी समुद्रात फिरलं. प्रमुख होते सेमूर स्यूएल, त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक. जहाजावर इंग्रज आणि इजिप्शियन मिळून काम करत. त्यातले डॉक्टर हुसेन फौजी यांनी पुढे सिंदबादच्या नावाने पुस्तकं लिहिली, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं. ओमानच्या बाजूला मधल्या खोलीवरचं जाळं तळ खरवडून वर आलं, तेव्हा त्यात जिवंत असं जवळजवळ काही नव्हतं. गिल्सन नावाच्या त्यांच्या रसायनतज्ज्ञाने नायट्रोजनचा हिशेब मांडला. १९३७ साली छापलेल्या त्याच्या अहवालात एक विचित्र नोंद आहे: जिथे ऑक्सिजन तळाला गेलेला, तिथे खोल पाण्यात नायट्राइट. ते तिथे का असावं, याचं उत्तर पुढे मिळालं. ऑक्सिजन संपला की काही जिवाणू श्वासाला नायट्रेट वापरतात. नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग नायट्रस ऑक्साइड, आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, जो हवेत निघून जातो. समुद्राचं खत म्हणावं ते असं उडून जातं.

दुसरी नोंद आपल्या मुंबईची. १९५९ साली 'नेचर' नियतकालिकात कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तू यांचा छोटा लेख आला. कमी ऑक्सिजनचा थर मुंबईच्या किनाऱ्याच्या उताराने वर सरकतो, आणि त्याचा मासेमारीवर परिणाम होतो, असं त्यात मांडलं होतं. गोगटे हे आडनाव वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं. माझे मामा मालवणला रापणीवर होते. नारळी पौर्णिमेनंतरच्या दिवसांत किनाऱ्याला बांगडा इतका दाटीने का येतो याचं त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "देवाक ठावक." तळाचं पाणी गुदमरलं की मासा वरच्या आणि किनाऱ्याकडच्या थरात कोंडला जातो, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. मी हे मामांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्या वर्साक कधी येतलो ता सांग." तेव्हा ते मला सांगता आलं नाही.

१९६० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्यात नौदलाचं 'किस्तना' हे दुसऱ्या महायुद्धातलं जहाज भारताकडून फिरलं. अमेरिकेने पाठवलेलं 'अँटन ब्रून' हे पूर्वी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचं आरामजहाज होतं. क्लाउस विर्टकी यांनी मोहिमेच्या साऱ्या मोजण्या गोळा करून १९७१ साली मोठा नकाशासंग्रह काढला. मोहिमेतूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पुढे गोव्यात दोनापावलाला स्थिरावली. तिचं पहिलं जहाज 'गवेषणी', गाळ वाहायच्या बार्जचा आराखडा बदलून केलेलं. जुने लोक सांगत की ती उभ्या उभ्याही डोलायची. पण २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागराच्या तळातून बहुधातूंचे गोळे वर आणले ते तिनेच. १९८३ ला जर्मनीहून 'सागर कन्या' आली, आणि आमच्यासारख्यांना वातानुकूलित प्रयोगशाळा मिळाली.

गवेषणी आणि सागर कन्येच्या त्या वर्षांत सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरबी समुद्रातून किती नायट्रोजन असा उडून जातो त्याचा हिशेब केला. वर्षाला सुमारे ३ कोटी टन. जगाच्या खुल्या समुद्रातल्या पाण्यातून जो जातो त्यात याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. १५० ते १००० मीटर यांच्या दरम्यान, एका कोपऱ्यातल्या समुद्राचा इतका वाटा.

याच सुमारास मॉडेलवाले आमच्या आयुष्यात आले.

त्यातला एक मुलगा बंगळुरूहून यायचा. दाढी, झोळी, फ्लॉपीचा डबा. जहाजावर त्याला पहिले चार दिवस उलट्यांखेरीज काही सुचलं नाही. पाचव्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, मला तुमचे आकडे हवेत. सगळे. चुकलेलेसुद्धा." चुकलेले आकडे मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्याने मला मॉडेल समजावलं ते किराणा दुकानाच्या वहीसारखं. समुद्राचे चौकोनी खण पाडायचे. प्रत्येक खणात काही खाती: पोषकद्रव्य, वनस्पतीप्लवक, प्राणीप्लवक, आणि मेलेला कचरा. एका खात्यातून दुसऱ्यात किती गेलं याचे नियम लिहायचे. मग वारा आणि प्रवाह हे खण ढवळत राहतात. गॉर्डन रायली यांनी १९४६ साली अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या जॉर्जेस बँकेवर प्लवकांचं असं गणित पहिल्यांदा नीट बसवून दाखवलं. १९९० ला फॅशम आणि मंडळींनी बर्म्युडाजवळच्या समुद्रासाठी सात खात्यांची वही मांडली, तिची नक्कल मग जगभर झाली. १९९६ ला मॅक्रीरी आणि त्यांच्या सोबत्यांनी अरबी समुद्रासाठी चार खात्यांचं मॉडेल केलं. त्याच वर्षी मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ईशान्य अरबी समुद्रात हिवाळ्यातही प्लवकांचा बहर येतो, कारण उत्तरेकडच्या कोरड्या गार वाऱ्याने वरचं पाणी थंड होऊन बुडतं आणि खालचं खत वर येतं. हे सांगायला कोणीतरी डिसेंबर ते मार्च समुद्रावर असावं लागतं. त्या फेऱ्यांपैकी काहींवर मी होते.

"मग तुझं मॉडेल ऑक्सिजन किती सांगतं?" मी विचारलं.

तो ओशाळला. त्याच्या वहीत शून्य येतच नव्हतं. आणि जिथे कमी येत होतं ते ठिकाण भलतंच.

हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. पुढेही जगातली बरीच मोठी मॉडेलं ऑक्सिजनचा सगळ्यांत कोरडा पट्टा अरबी समुद्रात दाखवण्याऐवजी बंगालच्या उपसागरात दाखवत राहिली. म्हणजे गणिताने किनारा बदलला! खरं पाहता उपसागरात ऑक्सिजन कमी आहे, पण संपलेला नाही. मॉडेल का चुकलं हे शोधायला समुद्रात टांगलेले नरसाळ्यासारखे सापळे कामाला आले. हँबर्गच्या आणि गोव्याच्या शास्त्रज्ञांनी १९८६ पासून ते अरबी समुद्रात आणि मग उपसागरात सोडले. वरून पडणारा कचरा त्यांत साठतो. त्यातून एक तर्क निघाला: गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ उपसागरातल्या मेलेल्या प्लवकांना चिकटून त्यांना जड करतो, ते भरभर तळाला जातात, मधल्या पाण्यात कुजायला त्यांना वेळ मिळत नाही. म्हणून मधला ऑक्सिजन थोडा वाचतो. कचरा किती वेगाने बुडतो हा एक आकडा वहीत बदलला की किनारे आपापल्या जागी येऊ लागतात. कागदावर मांडलं तर हे सोपं दिसतं. सापळे मात्र वर्ष-वर्ष दोरीला टांगून ठेवावे लागतात, आणि कधी दोरीच परत येत नाही.

शून्य आणि थोडं, यांत इतकं काय आहे? माझ्या आत्येला हेच वाटे. "दर्याचा पाणी बाटलेत भरून तू काय करतस गो?" ती दर मे महिन्यात विचारायची. तिला नाही सांगता आलं, इथे सांगते. ऑक्सिजन थोडासा असेल तर जिवाणू नायट्रस ऑक्साइड बनवून सोडतात. दंतवैद्याकडचा हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. ऑक्सिजन पुरता संपला की तेच जिवाणू हा वायू गिळूही लागतात. म्हणजे थोडं असताना समुद्र तो हवेत सोडतो आणि शून्यावर तो स्वतःच खातो. मॉडेलमध्ये म्हणून एक उंबरठा लिहिलेला असतो, बहुतेक वेळा दर लिटरला चार-पाच मायक्रोमोलच्या आसपास. त्याच्याखाली गेल्याशिवाय नायट्रेटचा श्वास सुरूच होत नाही.

आणि साहेबांचं ०.१ मिली म्हणजे साडेचार मायक्रोमोल.

बरोबर उंबरठ्यावर. मी हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा चहा गार झाला.

अशी वह्या सुधारण्याची सवय एकाच जहाजावर असती तर फार बिघडलं नसतं. शिवाय नमुना भरताना लागलेली हवा होती, रसायनांतला ऑक्सिजन होता, आणि त्यावर कडी म्हणजे सरासरी. सिडनी लेव्हिटस यांनी १९८२ साली जगातल्या समुद्राच्या मोजण्यांचा जो संग्रह काढला, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांवर जवळपास सगळी मॉडेलं सुरू होतात आणि त्यांच्याच पट्टीने तपासली जातात. त्यात शेजारच्या मोजण्या एकमेकींत मिसळून चौकोन भरलेले असतात. शून्याच्या शेजारी वीस असलं की दोघांचं मिळून काहीतरी गुळमुळीत येतं. २०१२ साली बियांकी आणि सहकाऱ्यांनी चांगल्या प्रतीच्या मोजण्या वेगळ्या काढून हा संग्रह दुरुस्त केला, तर ऑक्सिजन जवळपास संपलेल्या पाण्याचं आकारमान तिप्पट निघालं. दुप्पटही नाही, तिप्पट. मॉडेलं चुकीच्या पट्टीशी जुळवून घ्यायला धडपडत होती. त्याच्या तीन वर्षं आधी डेन्मार्कच्या रेव्सबेक यांनी असा एक संवेदक छापून दाखवला होता की जो मायक्रोमोलच्या हजाराव्या भागाच्या पातळीवर मोजतो. तो या पट्ट्यांत सोडला गेला आणि दिसलं ते शून्यच, म्हणजे मोजता येईल त्याच्याही खाली.

कांदोळीचं मी विसरणार नाही. पर्यटक जिथे छत्र्या लावून बसतात, तिथून समुद्रात दहा-एक किलोमीटरवर, पंचवीस-अठ्ठावीस मीटर खोलीवर १९९७ पासून गोव्याची संस्था नेमाने पाणी मोजते आहे. मी पाहुणी म्हणून दोनदा गेले, मच्छीमार होडीतून. सप्टेंबरचा शेवट होता. वरचं पाणी पावसाने गोडसर, हलकं, जणू झाकण. खाली किनाऱ्याने चढलेलं गुदमरलेलं पाणी. तळाची बाटली उघडली आणि कुजक्या अंड्याचा वास आला. खोल समुद्रात रसायनांमुळे का होईना पिवळी छटा असायची. इथे साका पांढराशुभ्र, चुन्याच्या निवळीतला. नावाडी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाय, हें उदक मेलां." याच पट्टीवरच्या मोजण्यांवर नक्वी आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा 'नेचर'मधला लेख उभा आहे: पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पाण्यात ऑक्सिजन संपणं वाढतं आहे आणि तिथून नायट्रस ऑक्साइड विलक्षण प्रमाणात निघतो आहे. महासागराचे मोठे मोठे खण पाडणाऱ्या मॉडेलला हा पट्टा दिसतसुद्धा नाही. त्याच्या एका खणात कांदोळी, पणजी आणि अर्धा समुद्र एकत्र मावतो.

आता बाटल्यांचं राज्य आटोपत आलं. आर्गो नावाची तरंगती नळकांडी १००० मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडून मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे सांगून पुन्हा खाली जातात. नव्या जातीची नळकांडी तापमान आणि क्षारतेबरोबर ऑक्सिजन, नायट्रेट, आम्लता, क्लोरोफिल, तरंगते कण आणि प्रकाशही मोजतात. ओमानच्या आखातात, जिथे चाचेगिरीमुळे कित्येक वर्षं संशोधनाची जहाजं फारशी गेली नव्हती, तिथे २०१५-१६ मध्ये ईस्ट अँग्लिया आणि सुलतान काबूस विद्यापीठांनी पाण्याखालचे ग्लायडर सोडले. स्कॉटलंडपेक्षा मोठं प्राणवायूहीन क्षेत्र त्यांना सापडलं. हे आकडे आता मॉडेलला चालता चालता पाजले जातात. वाट चुकली की तिथल्या तिथे कान धरून सरळ करतात.

या नळकांड्यांचा ऑक्सिजनचा डोळा मात्र गोदामात पडल्या पडल्याच थोडा मंद होतो. म्हणून पाण्यात सोडताना शेजारी एक बाटली बुडवून खरं काय ते पाहून घ्यायला हवं. कशाने? विंकलरने. निवृत्तीच्या आधीच्या माझ्या शेवटच्या फेरीत एका मुलीला मी स्टार्च कसा उकळायचा ते शिकवलं. तिने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला.

दोन वर्षांपूर्वी बंगळुरूचा तो मुलगा घरी आला. दाढी पांढरी, झोळी तीच वाटली. जुन्या फेऱ्यांचे आकडे तो पुन्हा गोळा करत होता. संग्रहात ०.१० ची एक संशयास्पद रांग त्याला दिसली होती, एकाच जागी, सात वेळा. "ताई, निसर्ग असा एकसारखा नसतो," तो म्हणाला.

माळ्यावर पत्र्याची पेटी होती. वहीला कसर लागली होती, दोन पानं एकमेकांना चिकटलेली. शेवटच्या रकान्यात साहेबांची निळी शाई. मी बोट डावीकडे सरकवलं, ब्युरेटच्या रकान्यावर. तिथे माझी पेन्सिल होती, आणि तो रकाना खोडायचं कोणाला सुचलं नव्हतं: ०.०२, ०.०२, ०.०१, ०.०२. त्याने खिशातून चष्मा काढला आणि आकडे उतरवून घेऊ लागला. चौथ्या ओळीवर थांबून विचारलं, "वजावट किती धरायची?"

"०.०२," मी म्हटलं. "त्या रात्रीची."